सॉकेट सगळ्यांचं, बस मात्र आमची: चिप कंपन्या आणि मानकांचं राजकारण

चिपळूणचा

शेजारच्या पीसी-जुळवणीच्या धाग्यावर कुणीतरी सहज विचारलं, की इंटेलच्या बोर्डावर एएमडीचा प्रोसेसर का बसत नाही. त्यावरून तिथं इतकं अवांतर झालं की मूळ विचारणारा बिचारा पळून गेला. म्हणून हा वेगळा धागा.

उत्तर असं, की एके काळी बसायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पीसी जुळवून घेतलेल्यांना आठवत असेल. सॉकेट ७ (प्रोसेसर बसवायच्या जागेचा तेव्हाचा प्रकार) असलेला मदरबोर्ड घ्यायचा आणि खिशाला झेपेल ते त्यात बसवायचं: इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के५ किंवा के६, सायरिक्सचा ६एक्स८६, नाहीतर आयडीटीचा विनचिप. व्होल्टेजचे जंपर नीट लावले की काम झालं.

मे १९९७ मध्ये पेंटियम टू आला, सोबत स्लॉट १ आला. प्रोसेसर चौकोनी चिप न राहता २४२ संपर्कांचं एक उभं कार्ड झाला. याला तांत्रिक कारण होतं, ते नाकारत नाही. दुसऱ्या स्तराची कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी लागणारी छोटी वेगवान मेमरी, वेगळ्या चिपांवर होती, ती प्रोसेसरला खेटून ठेवायची होती, आणि पेंटियम प्रोसारखं सगळं एकाच पॅकेजात कोंबणं महाग पडत होतं. पण त्या स्लॉटमागे जी बस होती, म्हणजे प्रोसेसरनं बाकीच्या चिपांशी बोलायचा मार्ग, पी६ या इंटेलच्या प्रोसेसर-पिढीची, तिच्यावर पेटंटं होती आणि एएमडीकडे तिचा परवाना नव्हता. पुढची गंमत बघा. दोन वर्षांत कॅशे मुख्य चिपमध्येच मावायला लागली आणि १९९९ मध्ये इंटेलनं परत चौकोनी सॉकेट ३७० आणलं. स्लॉटचं कारण संपलं तसा स्लॉट गेला. बसभोवतीचं कुंपण तिथंच राहिलं.

पेटंट ही यातली डोळ्यांना दिसणारी गोष्ट झाली. मला वाटतं खरा खेळ वेळेचा आहे. तोच कागद एकाच्या हातात आज पडतो आणि दुसऱ्याच्या हातात वर्षभरानं, एवढ्यावर या धंद्यात निकाल लागतो. पटत नसेल तर लिहा, भांडायला वेळ आहे.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. थोडी भर घालतो.

इंटेल स्लॉटकडे गेल्यावर मागे राहिलेल्यांनी ते जुनंच सॉकेट ताणून वापरलं. व्हिआ आणि एएलआय या तैवानी चिपसेटवाल्यांच्या (प्रोसेसरला मेमरी आणि बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपा म्हणजे चिपसेट) साथीनं एएमडीनं बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, एजीपीची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या खास खाचेची, सोय केली आणि नाव दिलं सुपर सॉकेट ७. १९९८ चा के६-२ त्यावरच चालला. स्वस्त पीसीत खपला चांगला, पण ही वाट पुढे बंद आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

मग एएमडीनं जे केलं त्याचं मला अजून कौतुक वाटतं. डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरची ईव्ही६ बस त्यांनी परवाना काढून घेतली. अल्फावर काम केलेले डर्क मेयर तोवर एएमडीत येऊन के७ च्या आराखड्याचे प्रमुख झाले होते (पुढे ते कंपनीचे सीईओही झाले). १९९९ च्या मध्यावर के७ म्हणजेच ॲथलॉन आला तो स्लॉट ए मधून. यांत्रिकदृष्ट्या कनेक्टर इंटेलच्या स्लॉट १ चाच, म्हणजे बोर्डवाल्यांना नवा सुटा भाग शोधायला नको. फक्त उलटा फिरवून बसवलेला, म्हणजे कुणी चुकून भलतंच कार्ड खुपसायला नको. विजेच्या जोडणीच्या बाबतीत दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. बोर्ड वेगळे झाले ते तिथून आजतागायत.

आणि ते पांढरे खोके! ॲथलॉनसाठीचा आसुसचा के७एम बोर्ड सुरुवातीला कंपनीचं नावही नसलेल्या कोऱ्या पांढऱ्या खोक्यातून विकला जात होता. त्या वेळच्या समीक्षकांनी हे लिहून ठेवलंय. इंटेलच्या चिपसेटांवर ज्यांचा धंदा उभा, त्यांनी दुसऱ्याचा बोर्ड छाती पुढे काढून कसा विकायचा?

शंकासूर

छान आठवणी. पण रडगाणं जरा जास्त होतंय.

बस इंटेलनं स्वतःचे पैसे ओतून बनवली, ती फुकट का वाटावी? एक्स८६ च्या, म्हणजे इंटेलच्या ८०८६ पासूनच्या प्रोसेसर-घराण्याच्या, धंद्यात एएमडी शिरली तीच मुळी आयबीएमला दुसरा पुरवठादार हवा होता म्हणून. आणि त्या तुमच्या लाडक्या सॉकेट ७ च्या बोर्डावर जादा कार्डं बसवायच्या पीसीआयच्या पांढऱ्या खाचा होत्या ना, त्या कुणी दिल्या? इंटेलनंच. यूएसबी? तीही इंटेलच्या पुढाकारानंच. एवढं रॉयल्टी न घेता देऊनही खलनायक तेच, हा कुठला न्याय?

चिपळूणचा

शंकासूर, पीसीआयचा मुद्दा चांगला काढलात, कारण तो माझ्याच बाजूचा आहे.

१९८७ मध्ये आयबीएमनं पीएस/२ मधून मायक्रोचॅनल ही नवी बस आणली आणि इतरांकडून परवान्याचे पैसे मागितले. कॉम्पॅकच्या पुढाकारानं नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि १९८८ मध्ये त्यांनी ईसा ही वेगळी बस जाहीर केली. आयबीएम स्वतःच्याच बाजारात एकटी पडली. इंटेलनं हे सगळं जवळून पाहिलेलं. म्हणून १९९२ मध्ये पीसीआय आणताना त्यांनी ती उघडी ठेवली. पीसीआयच्या पलीकडे साउंडकार्ड असतं, नेटवर्ककार्ड असतं. ती जेवढी स्वस्त आणि जास्त, तेवढे प्रोसेसर जास्त विकले जाणार.

आता यादी करा. पीसीआय खुली, यूएसबी खुली, एजीपीही बऱ्यापैकी खुली. प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातली बस बंद. ज्या जोडणीच्या टोकाला गिऱ्हाईकाची वस्तू लागते ती उघडी, जिच्या टोकाला दुसऱ्याचा प्रोसेसर किंवा चिपसेट लागू शकतो ती कुलपात. दानत आणि कावा, दोन्ही एकाच हिशेबातले.

कज्जेदलाल

कायद्याच्या बाजूनं थोडं.

शंकासूर म्हणतात तो दुसऱ्या पुरवठादाराचा करार १९८२ चा. ८०८६ आणि ८०२८६ सुरळीत चाललं. १९८५ मध्ये ३८६ आला तेव्हा इंटेलनं त्याची तांत्रिक माहिती द्यायला नकार दिला. १९८७ मध्ये लवाद सुरू झाला. एएमडीनं वाट न बघता स्वतःचा एएम३८६ घडवला, तो बाजारात यायला १९९१ उजाडलं. लवादानं १९९२ मध्ये एएमडीच्या बाजूनं कौल दिला, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो १९९४ च्या अखेरीस उचलून धरला. तोवर ४८६ येऊन मावळतीला लागला होता आणि पेंटियम दुकानात होता. मूळ लेखातला वेळेचा मुद्दा इथं चपखल बसतो. खटला जिंकला, पिढी गेली.

दुसरं प्रकरण कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९८ मध्ये इंटेलवर कारवाई सुरू केली. आरोप काय, तर डिजिटल, इंटरग्राफ आणि कॉम्पॅक या तीन कंपन्यांशी पेटंटांवरून वाद झाल्यावर इंटेलनं त्यांना नव्या प्रोसेसरांची तांत्रिक माहिती देणं थांबवलं. लक्षात घ्या, चिप विकायला नकार दिला एवढंच नव्हे. पुढच्या चिपच्या संपर्कांचा नकाशा, वेळेची गणितं, आधीचे नमुने, हे सगळं आटवलं. वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपनीला हे वेळेत मिळालं नाही तर तिची यंत्रं एक हंगाम मागे पडतात, आणि त्या धंद्यात एक हंगाम म्हणजे मरणच. मार्च १९९९ मध्ये तडजोड झाली. पेटंटांच्या वादापायी अशी माहिती अडवून धरायची नाही, असं इंटेलनं मान्य केलं. इंटरग्राफबरोबरचे स्वतंत्र खटले पुढे चालू राहिले, २००२ मध्ये इंटेलनं त्यांना ३० कोटी डॉलर मोजले.

अनुस्वार

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. पण हे सगळं एका कंपनीच्या खासगी बसबद्दल चाललंय. मेमरीची पट्टी तर कुठल्याही कंपनीची घेतली तरी बसते. तिथं मानक कोण ठरवतं? आणि तिथं कुणी मोठं होऊन बसू शकत नाही का?

सांताक्लारा_काकू

अनुस्वार, बाळबोध कसला, तू नेमकी दुखरी नस पकडलीस. मेमरीचं मानक जेडेक नावाची संस्था ठरवते. चिप बनवणारे, वापरणारे सगळे तिच्या समित्यांवर असतात आणि बैठकांत मतदान होतं. कागदावर अगदी लोकशाही. आता रॅम्बसची गोष्ट ऐक, त्या काळी मी इथेच होते आणि जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसायचा.

१९९० मध्ये माइक फार्मवाल्ड आणि मार्क होरोविट्झ यांनी रॅम्बस काढली. कारखाना नाही, फक्त डोकी आणि पेटंटं. मेमरीचा वेग वाढवायच्या त्यांच्या कल्पना खरोखर चांगल्या होत्या, निंटेंडो ६४ आणि प्लेस्टेशन २ मध्ये त्यांचीच मेमरी होती. नव्वदच्या सुरुवातीला ते जेडेकच्या बैठकांना बसायला लागले. तिथं एसडीरॅम या पीसीच्या नव्या मेमरीचं मानक शिजत होतं. १९९६ मध्ये रॅम्बस जेडेकमधून बाहेर पडली. आणि काही वर्षांनी मेमरी बनवणाऱ्यांच्या दारात नोटिसा: तुमच्या एसडीरॅममध्ये आणि तिच्या पुढच्या पिढीत, डीडीआरमध्ये, आमची पेटंटं आहेत, रॉयल्टी काढा. बैठकांना बसत असताना आपले अर्ज त्या मानकाला लागू पडतील असे वळवत नेल्याचा आरोप झाला.

ही एक बाजू. दुसरी बाजू इंटेलची. १९९६ मध्येच इंटेलनं रॅम्बसशी करार केला की पुढची पीसी मेमरी म्हणजे रॅम्बसची आरडीरॅम. त्या बदल्यात रॅम्बसचे दहा लाख शेअर दहा डॉलरनं घ्यायचा हक्क, अट अशी की रॅम्बसवाले चिपसेट ठरलेल्या प्रमाणात विकले गेले पाहिजेत. म्हणजे बाजारातली सगळ्यात मोठी कंपनी मेमरीचं मानक ठरवणार आणि ते चाललं तर तिचा थेट फायदा. चिपसेट इंटेलचे, त्यामुळे मेमरीवाल्यांना वाटलं आता गत्यंतर नाही.

पण आरडीरॅम महाग, तापणारी. तिच्यासाठीचा इंटेलचा आय८२० चिपसेट १९९९ च्या सप्टेंबरात यायचा, ऐन वेळी दोष निघाला आणि नोव्हेंबरवर गेला. जुनी मेमरी चालावी म्हणून मध्ये एक भाषांतर करणारी चिप घातली, तीही सदोष निघाली आणि मे २००० मध्ये ते बोर्ड परत मागवायची वेळ आली. दरम्यान व्हिआनं काय केलं, तर साधी एसडीरॅम १३३ मेगाहर्ट्झवर चालवणारा चिपसेट आणला. इंटेलनं जून १९९९ मध्ये व्हिआवर खटला भरला. आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा आय८१५ काढला, जो तीच १३३ ची मेमरी वापरत होता! क्रेग बॅरेट तेव्हा इंटेलचे प्रमुख, त्यांनी २००० मध्ये उघडच मान्य केलं की रॅम्बसवर लावलेला डाव फसला.

आता निकाल. ट्रेड कमिशननं २००६ मध्ये रॅम्बसला दोषी धरलं. २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो निर्णय उलटवला. जेडेकचे नियमच इतके संदिग्ध लिहिलेले होते की कुणी काय आणि कधी उघड करायचं हेच धड ठरत नव्हतं, हा मुद्दा या सगळ्या खटल्यांत रॅम्बसच्या कामी आला. युरोपियन आयोगानं २००९ च्या डिसेंबरात तडजोड करून घेतली: जुन्या एसडीरॅम आणि डीडीआरवर रॉयल्टी शून्य, पुढच्या पिढ्यांवर जास्तीत जास्त दीड टक्का.

आणि मेमरी कंपन्यांबद्दल फार गहिवरू नका. त्याच काळात सॅमसंग, हायनिक्स, इन्फिनिऑन यांनी संगनमतानं डीरॅमचे भाव ठरवल्याचं अमेरिकेत कबूल करून दंड भरलाय. एकट्या सॅमसंगचा ३० कोटी डॉलर.

रात्रपाळी

काकू, दंडवत. हा स्वतंत्र लेख व्हायला हवा होता.

चिपळूणचा

काकूंच्या गोष्टीला जोडून यूएसबी ३ चं सांगतो, कारण यात पेटंट, रॉयल्टी, खटला असलं काहीच नाही.

यूएसबीचं मानक सगळ्यांचं. पण संगणकाच्या बाजूला जो नियंत्रक असतो, त्याच्याशी सॉफ्टवेअरनं कसं बोलायचं याचा वेगळा दस्तऐवज असतो. पहिल्या यूएसबीच्या वेळीच याचे दोन तट पडले होते: इंटेलचा यूएचसीआय, आणि कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट, नॅशनल सेमीकंडक्टर यांचा ओएचसीआय. यूएसबी ३ च्या वेळी हा दस्तऐवज, एक्सएचसीआय, इंटेल लिहीत होती. २००८ मध्ये एनव्हिडिया आणि एएमडीनं ओरड केली, की इंटेल तो आमच्यापासून दाबून ठेवते आहे म्हणजे तिचे चिपसेट आधी तयार होतील. इंटेलचं उत्तर, की मसुदा अजून कच्चा आहे, अर्धवट काय द्यायचं. समोरच्यांनी आम्ही आमचा वेगळा लिहितो अशी धमकी दिली. ऑगस्ट २००८ मध्ये इंटेलनं ०.९ आवृत्तीचा मसुदा मोकळा केला.

पंगतीत पान सगळ्यांना मांडलंय, कुणाला उठवलेलं नाही. फक्त वाढपी घरचा आहे, आणि तो तुमच्या पानाशी येईस्तोवर जिलबी संपलेली असते.

शंकासूर

जिलबीचं वाक्य आवडलं, युक्तिवाद नाही. मसुदा खरोखरच कच्चा असेल तर? अर्धवट दस्तऐवजावर चार जणांनी चार तऱ्हेच्या चिपा बनवल्या असत्या तर हाच धागा 'यूएसबी ३ का चालत नाही' या नावानं निघाला असता.

आणि मोठा मासा नेहमी जिंकतो हेही खोटं. प्रोसेसर ३२ वरून ६४ बिटांवर नेताना काय झालं? इंटेलनं एचपीबरोबर इटॅनियम हा एक्स८६ सोडून नवाच प्रोसेसर आणला. त्याचे हक्क एएमडीबरोबरच्या परवान्यांच्या देवाणघेवाणीबाहेर ठेवले, म्हणजे पुढची पिढी पूर्ण बंदिस्त. एएमडीनं उलटा रस्ता धरला: जुन्याच एक्स८६ ला ६४ बिट जोडले, २००० मध्येच वर्णन सगळ्यांसाठी छापून टाकलं, २००३ मध्ये ऑप्टेरॉन काढला. मायक्रोसॉफ्ट त्यामागे उभी राहिली आणि २००४ मध्ये इंटेलला निमूटपणे तेच स्वीकारावं लागलं. आज तुमच्या इंटेलच्या लॅपटॉपमध्ये एएमडीनं आखलेल्या ६४ बिटी आज्ञा चालतायत. बाजारानं न्याय केला की.

कज्जेदलाल

शंकासूर, हे उदाहरण सोळा आणे खरं. पण ते जमलं कारण एएमडीकडे एक्स८६ चा परवाना आधीच होता. तो नसलेल्यांचं काय होतं, ते एनव्हिडियाला विचारा.

२००८ च्या मॅकबुकमध्ये एनव्हिडियाचा चिपसेट होता, इंटेलच्या प्रोसेसरसोबत. उत्तम चालत होता. मग इंटेलनं मेमरी नियंत्रक प्रोसेसरमध्ये नेला आणि बाहेरची बस बदलली. फेब्रुवारी २००९ मध्ये कोर्टात दावा, की जुना परवाना नव्या बसला लागू नाही. त्याच वर्षी एनव्हिडियानं पुढच्या चिपसेटांचं काम थांबवलं. जानेवारी २०११ मध्ये तडजोड: इंटेल १५० कोटी डॉलर देणार. पैसे आले, पण चिपसेटचा धंदा परत आला नाही.

मधल्या काळात ट्रेड कमिशननं ऑगस्ट २०१० मध्ये इंटेलशी केलेल्या तडजोडीत एक कलम घातलं, ते मला फार आवडतं. इंटेलनं किमान सहा वर्षं प्रोसेसरबरोबर पीसीआय एक्सप्रेसची जोडणी ठेवायची, आणि ग्राफिक्स चिपांची गती मारली जाईल असं तिच्यात काही करायचं नाही. सरकारनं एका खाचेला संरक्षण दिलं! तिथंच कंपायलरबद्दलही होतं: इंटेलचा कंपायलर (प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) समोर इंटेलचीच चिप आहे का हे बघून वेगवान मार्ग निवडत होता, ते गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगायचं.

अनुस्वार

आता थोडं थोडं उलगडतंय. पण हे सगळं पीसीबद्दल झालं. फोनमध्ये काय? लहानपणी घरी रिलायन्सचा सीडीएमए फोन होता, ५०१ रुपयांच्या योजनेतला. बाबा सांगायचे की यात सिमकार्ड नाही, दुसऱ्या कंपनीत जाताच येत नाही.

सांताक्लारा_काकू

तो फोन आला त्यामागे क्वालकॉम आहे ग. सीडीएमएचा पाया त्यांचा. आणि तिथं कुलूप बसमध्ये नाही, थेट मानकातच. नेटवर्कशी बोलायचं तर ठरलेल्या पद्धतीनंच बोलावं लागतं, त्यामुळे त्या पद्धतीवरची पेटंटं कुणालाच टाळता येत नाहीत. म्हणून मानकात पेटंट घालणाऱ्यांनी वचन द्यायचं असतं: वाजवी दरात आणि भेदभाव न करता सगळ्यांना परवाना देऊ.

क्वालकॉमवरचा आक्षेप दुहेरी होता. एक, ते मोडेम चिप (फोनला नेटवर्कशी जोडणारी) बनवणाऱ्या स्पर्धकांना परवाना देत नव्हते, फक्त फोन बनवणाऱ्यांना देत होते, आणि रॉयल्टी लावत होते पूर्ण फोनच्या किमतीवर. फोनला कॅमेरा चांगला बसवलात तरी मोडेमची रॉयल्टी वाढली! दोन, आधी परवाना घ्या, तरच आमची चिप मिळेल. म्हणजे फोनवाला रॉयल्टीवरून भांडायला गेला तर त्याचा चिपांचा पुरवठा धोक्यात. आणि मीडियाटेककडून किंवा इंटेलकडून मोडेम घेतला तरी क्वालकॉमला रॉयल्टी भरायचीच. मग स्पर्धकाची चिप स्वस्त असून गिऱ्हाइकाला स्वस्त पडतच नाही.

चीननं २०१५ मध्ये ९७.५ कोटी डॉलर दंड केला. दक्षिण कोरियानं २०१६ मध्ये एक लाख कोटी वॉनच्या वर, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो २०२३ मध्ये कायम ठेवला. अमेरिकेत न्यायाधीश लूसी को यांनी मे २०१९ मध्ये क्वालकॉमविरुद्ध निकाल दिला, ऑगस्ट २०२० मध्ये अपिलात तो फिरला. स्पर्धकांना परवाना द्यायलाच हवा असं स्पर्धा कायदा म्हणत नाही, वचनभंग झाला असेल तर तो कराराचा आणि पेटंटाचा विषय, असा एकूण सूर. त्याआधीच एप्रिल २०१९ मध्ये ॲपलनं क्वालकॉमशी समेट केला आणि त्याच दिवशी इंटेलनं फोनच्या ५जी मोडेममधून अंग काढलं. ॲपलनं तो विभाग विकत घेतला. स्वतःचा मोडेम फोनमध्ये घालायला त्यांना २०२५ उजाडलं, आणि तेही खिशात एवढा पैसा असताना.

कज्जेदलाल

अनुस्वार, आपल्याकडचं सांगायचं तर मायक्रोमॅक्सनं एरिक्सनविरुद्ध २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाकडे अशीच तक्रार केली होती: रॉयल्टी फोनच्या किमतीवर का, चिपच्या का नाही. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की पेटंट परवान्यांच्या अशा वादात पेटंट कायदा वरचढ, आयोगाला चौकशीचा अधिकार नाही. दहा वर्षांनी ठरलं काय, तर दार चुकलं.

रात्रपाळी

म्हणून तर सगळे आरआयएससी-पाच या खुल्या आज्ञासंचाच्या (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीच्या) मागे लागलेत ना? आयआयटी मद्रासचा शक्ती, आपल्या सी-डॅकचा वेगा, दोन्ही प्रोसेसर त्यावरच. आज्ञासंचावर कुणाची मालकीच नाही, रॉयल्टीचा प्रश्न मिटला.

चिपळूणचा

आज्ञासंचाचा मिटला. बाकीचा कुठे? प्रोसेसर तुमचा, पण त्याला मेमरी, पीसीआय एक्सप्रेस आणि दुसरी चिप जोडायचीच आहे. सध्याची खरी लढाई तिथंच चाललीय. एआयच्या यंत्रांत डझनावारी चिपा एकमेकींना जोडायला एनव्हिडियाची एनव्हीलिंक आहे, आणि ती एनव्हिडियाची खासगी. तिच्या विरोधात मे २०२४ मध्ये एएमडी, इंटेल, ब्रॉडकॉम, गूगल, मायक्रोसॉफ्ट वगैरे मंडळी यूएएलिंक या सगळ्यांच्या सामायिक जोडणीसाठी एकत्र आली. म्हणजे मायक्रोचॅनल विरुद्ध ईसा, पात्रं नवी. मे २०२५ मध्ये एनव्हिडियानं एनव्हीलिंकचं दार किलकिलं केलं, इतरांच्या चिपा जोडायला परवानगी दिली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिनं इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. इंटेल आता एनव्हीलिंक जोडलेले एक्स८६ प्रोसेसर बनवणार. ज्या इंटेलनं बस बंद करून एनव्हिडियाला चिपसेटमधून हाकललं, तीच आता एनव्हिडियाच्या बसवर चढतेय.

शंकासूर

यात मला स्पर्धाच दिसते. दोन जोडण्या आहेत, गिऱ्हाईक निवडेल.

सांताक्लारा_काकू

निवडेल, पण काय? एनव्हीलिंकला दुसऱ्याची चिप जोडता येते, मात्र साखळीत कुठेतरी एनव्हिडियाची चिप हवीच. दोन्ही टोकं परकी चालत नाहीत. चिपळूणच्या मघाच्या यादीत हे कुठल्या रकान्यात घालायचं ते तुम्हीच सांगा.

शंकासूर

अर्धं कुलूप म्हणा हवं तर. यूएएलिंकची १.० आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये छापून आली आहे. तिच्यावर चालणारे स्विच कुणी खरंच विकत घेऊन कामाला लावले आणि आकडे बाहेर आले, की याच धाग्यावर मोजू.